देवूची पापणी

देवू वरठा जन्माला आला तेव्हा त्याचा उजवा डोळा टकमक बघत होता आणि डावा मिटलेला होता. सुईणीने ओल्या कापडाने पुसून बघितलं, फुंकर घालून बघितली, पण तो काही उघडेना. चार-सहा महिन्यांनी उघडला तो अर्धाच, आणि तिथेच थांबला. पापणी बुबुळावर अशी झुकलेली, जशी दुकान बंद करता करता दुकानदाराने शटर मध्येच सोडून दिलं असावं.

अंबाडी गावाच्या पलीकडे डोंगरात त्यांचा पाडा. तिथली पोरं त्याला झोप्या म्हणायची. देवूला राग येत नसे, कारण नजर त्याची चांगली होती. समोरच्या टेकाडावरचं मधाचं पोळं सगळ्यांच्या आधी त्यालाच दिसायचं. फक्त पापणीच्या खालून बघायचं म्हणून तो हनुवटी जराशी वर उचलून चालायचा. अनोळखी माणसाला वाटे, हा मोठा ताठ दिसतो. दोन शब्द बोलल्यावर कळायचं की याच्याएवढा मऊ माणूस शोधून सापडायचा नाही.

भातकापणीच्या मजुरीला तो दरवर्षी पूर्णा गावी रामनाथ म्हात्र्यांकडे यायचा. पुढे त्या शेतांवर गोडाऊनं उभी राहिली. जमिनीचे पैसे आले तसे रामनाथशेठनी ट्रक घेतला. चालवायला माणूस हवा होता. त्यांनी देवूला बोलावलं, उरलेल्या मोकळ्या शेतात नेलं आणि स्टिअरिंग त्याच्या हातात दिलं. "बांध मोडलास तरी चालंल," शेठ म्हणाले, "पण घाबरू नको." देवू घाबरला नाही. नांगराला बैल जसा वळवावा तसा त्याने ट्रक वळवला. तेव्हापासून तो शेठचा ड्रायव्हर. एका ट्रकचे आठ झाले, देवूच्या केसांत पांढरं आलं. शेलार गावात त्याने खोली घेतली, बायको सरूला पाड्यावरून आणलं. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती.

जुन्या ट्रकच्या काचा कायम उघड्या असायच्या. शेलारमधून जाताना कापडाच्या लूमची खडखड आत यायची. नदीनाक्याला भजीचा वास यायचा. आपण कुठे पोचलो ते देवूला कानाने आणि नाकानेच कळायचं.

मग नव्या गाड्या आल्या.

ज्या मोठ्या कंपनीचा माल शेठ वाहत होते तिने कळवलं होतं की आता नव्या तऱ्हेच्या केबिनची गाडीच गोडाऊनच्या गेटच्या आत घेतली जाईल. केबिन बंद, आत थंडगार एसी. स्टिअरिंगच्या मागे काटे नव्हते, तिथे आरसाच लावावा तसा काळा चकचकीत पडदा होता आणि बाजूला तसाच आणखी एक. गाडी सुरू केली की दोन्ही उजळायचे. टायरमध्ये हवा किती, डिझेल किती, मागचं दार नीट लागलंय की नाही, पुढे रस्ता कुठे तुंबलाय, सगळं चित्रांत दिसायचं. देवूला वाचायला जेमतेम यायचं. पण चित्रं कळायची आणि ती त्याला आवडली. पहिल्या दिवशी घरी येऊन त्याने सरूला सांगितलं, "टायर कुठला बसलाय ते उतरून बघायला नको. ती बाईच सांगते."

"कोण बाई?" सरूने भाकरी थापता थापता विचारलं.

"पडद्यातली. हिंदी बोलते."

त्या बाईला एक डोळाही होता. पडद्याच्या वरच्या कडेला उडदाच्या दाण्याएवढा काळा ठिपका. रामनाथशेठचा पुतण्या हितेश गाड्यांचं ऑफिस बघायचा. त्याने सगळ्या ड्रायव्हरांना उभं करून समजावलं होतं, "हा कॅमेरा तुमच्या डोळ्यांकडे बघतो. डुलकी लागली की बाई उठवते. तुमच्याच जिवासाठी आहे."

दुसऱ्याच खेपेला, नाशिककडे जाताना, पडघ्याच्या पुढे पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र आलं. देवूला गंमत वाटली. बाई चहा पाजते की काय! पण पाठोपाठ घंटी वाजली आणि ती म्हणाली, "आपको नींद आ रही है. कृपया आराम करें."

"न्हाय आली," देवू म्हणाला.

थोड्या वेळाने पुन्हा कप, पुन्हा घंटी. आवाज या वेळी मोठा. देवूने डोळे ताणले, हनुवटी आणखी वर केली. तिसऱ्यांदा पडदा लालभडक झाला, पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर हलका पडला आणि गाडीचा वेग आपोआप उतरू लागला. मागून हॉर्नचा कल्लोळ झाला. देवूने कशीबशी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद झालं, ते परत सुरू होईना. पडद्यावर आकडे आले, उलटे पळणारे. अर्धा तास विश्रांती. तोवर गाडी लॉक.

इंजिन नाही म्हणजे एसी नाही. वैशाखाचं ऊन काचेतून आत ओतत होतं. देवू दार उघडून खाली उतरला, झाडाखाली उभा राहिला, बिडी ओढली. परत येऊन बघतो तर आकडे जिथल्या तिथे. बाईला चेहरा दिसला नाही की तिचं मोजणं थांबायचं. विश्रांती घ्यायची तर तिच्या समोर बसून घ्यायची. तो चढून सीटवर बसला. समोर ठिपका, खाली आकडे, मधे घामाने भिजलेला, टक्क जागा देवू. शेजारून गाड्यांमागून गाड्या जात होत्या. आयुष्यात कधी कोणी त्याला असं कोंडलं नव्हतं. लहानपणी एकदा जंगलखात्याच्या माणसाने लाकडं तोडली म्हणून झोपडीत बसवून ठेवलं होतं, तेव्हाही मागच्या कुडातून निसटता आलं होतं. इथे दार उघडं होतं आणि जाता येत नव्हतं.

त्या महिन्यात गाडी कितीदा लॉक झाली याचा हिशोब देवूने ठेवला नाही. कधी कसाऱ्याच्या अलीकडे, कधी मानकोलीच्या तोंडावर, एकदा तर गोडाऊनच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर. आतला वॉचमन हात करत होता आणि देवू सीटवर बसून आकडे संपायची वाट बघत होता.

हितेशकडे गेला तेव्हा त्याने कॉम्प्युटर देवूकडे वळवला. "देवूदादा, हे बघा. सगळ्या ड्रायव्हरांमध्ये तुम्ही एकटे लाल. रात्री झोपत नाही का तुम्ही?"

"झोपतो रे. माझा डोळाच असा हाय. तू लहानपणापासून बघतोस."

"मी बघतो हो. पण ती मशीन हिशोब डाव्या डोळ्यावरूनच करते. मी कंपनीला मेल टाकला होता. त्यांचं म्हणणं, एका माणसासाठी सेटिंग बदलता येत नाही."

तक्रार करावी तर कोणापाशी? बाकीचे ड्रायव्हर बाईवर खूश होते. देवूचा जुना सोबती अनंता भोईर याला कसारा घाटात खरंच डुलकी लागली होती आणि बाईने कानाशी किंचाळून त्याला कठड्यापासून मागे आणलं होतं. अनंताने पडद्याला झेंडूचा हार घातला होता. "देवू, तिला नावं ठेवू नको," तो म्हणाला. "माझी पोरं तिच्यामुळं बाप बघतायत." अनंताचं खरंच होतं.

रामनाथशेठ झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरायची थांबवली. "माझ्या हातात असतं तर तो पडदा उखडून खाडीत टाकला असता," ते म्हणाले. "पण जुनी गाडी आत घेत न्हायत रं. आणि तुला घरी बसवू? मी? माझ्या जिभेला झेपायचं न्हाय ते. काहीतरी कर तू."

रागावले असते तर देवूला बरं वाटलं असतं. रागावलेल्या मालकाला माणूस सोडून जाऊ शकतो.

मग त्याने काहीतरी केलं. औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी आणली, तिचा बारीक तुकडा कापला आणि पापणी वर ओढून भुवईखाली चिकटवली. पडदा हिरवा झाला. नाशिकपर्यंत आणि परत, बाईने हूं की चूं केलं नाही. उतरताना ती म्हणाली, "बहुत अच्छे." देवू हसला.

पण पापणी लवल्याशिवाय डोळा राहतो किती वेळ? एसीचा गार वारा थेट त्याच्यावर यायचा. आधी खुपायला लागलं, मग पाणी गळायला लागलं, मग डोळा तिखट पडल्यासारखा लाल झाला. देवू एका हाताने गाडी चालवायचा आणि दुसऱ्या हाताने गाल पुसायचा. समोरचे दिवे फुटून पसरल्यासारखे दिसायचे. पडदा हिरवाच. असे दिवस गेले, आणि एका सकाळी डोळा चिकटून उघडेनाच. सरूने कोमट पाण्याने सोडवला आणि आतला रंग बघून ती मागे सरकली.

"चल दवाखान्यात," ती म्हणाली.

"खेप हाय आज."

"आंधळा होऊन खेप करणार हायस का?" तिने त्याच्या डब्याची पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला परत अडकवली.

सरकारी दवाखान्यातली डोळ्यांची डॉक्टर वयाने लहान होती. रुचिका मॅडम म्हणून तिला सगळे ओळखत. तिने दिव्याने डोळा तपासला, पट्टीचे वळ बघितले आणि विचारलं, "हे काय चिकटवत होता?"

देवूने सांगितलं. ऐकता ऐकता तिने हातातला दिवा खाली ठेवला.

"ही पापणी जन्मापासून आहे ना? तिचा त्रास होतो तुम्हाला?"

"न्हाय मॅडम. मला काय न्हाय होत."

"मग कोणाला होतो?"

देवूने विचार केला. "गाडीला," तो म्हणाला.

मॅडम हसली नाही. डोळ्याच्या जखमेला औषध दिलं. नजर व्यवस्थित आहे, पापणी जन्मजात आहे, वाहन चालवायला हरकत नाही, असं कागदावर लिहून शिक्का मारून दिला. हितेशने तो कागद कंपनीला पाठवला. तिकडून उत्तर आलं की वैद्यकीय प्रमाणपत्र मिळालं, धन्यवाद, परंतु प्रणालीत अशी सोय नाही.

डोळा बरा होईतो देवू घरी होता. या काळात तो शेलार, कोन, सोनाळे असा फिरून आला. ट्रान्सपोर्टवाल्यांकडे विचारलं, जुनी गाडी आहे का कोणाकडे. होत्या, पण त्यांच्यावर त्यांची माणसं होती, आणि त्यांचे मालकही म्हणत होते की पुढच्या वर्षी आपल्यालाही पडद्यावाल्या घ्याव्याच लागणार. पाड्यावर जाऊन आला. भावाने विचारलं, "परत येतोस का?" पण जमिनीचा जो तुकडा होता त्यावर भावाचंच भागत नव्हतं. माघारी येताना एसटीच्या खिडकीतून त्याने बघितलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवी गोडाऊनं उठत होती. पत्र्याच्या त्या लांबच लांब भिंती बघताना त्याला वाटलं, आपल्याभोवतीच कोणीतरी कुंपण घालत चाललंय.

अखेर तो पुन्हा रुचिका मॅडमसमोर जाऊन बसला. "पापणी वर करायचं ऑपरेशन असतं म्हणतात."

"असतं. ठाण्याला होईल. पापणी आतून भुवईच्या स्नायूला बांधतात." तिने सावकाश समजावलं. "पण नीट ऐका. एवढ्या वर्षांनी ओढून बांधलेली पापणी झोपेत पूर्ण मिटत नाही. फट राहील. कायम मलम घालावं लागेल. माझ्या मते, तुमच्या डोळ्याला या ऑपरेशनची गरज नाही."

"डोळ्याला न्हाय, पण मला हाय," देवू म्हणाला.

बाहेर बाकावर सरू बसली होती. देवूने तिला सगळं सांगितलं. "लग्नाच्या आधी आम्ही तुला बघायला आलो ना," ती म्हणाली, "तेव्हा बायका मला चिडवत होत्या, नवरा झोपलाय म्हणून. मी चोरून बघितलं. तू त्या अर्ध्या डोळ्यातून माझ्याकडंच बघत होतास. त्यांना वाटलं झोपलाय." ती बाकावरून उठली. "कर तुला करायचं तर. मी न्हाय म्हणून काय खायचं?"

ठाण्याला रामनाथशेठ स्वतःच्या गाडीतून घेऊन गेले. देवूची पिशवी त्यांनी हातात धरली, वॉर्डाच्या दारापर्यंत आले. "बरं होईल रं सगळं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. देवू मान हलवत होता. दुखणं नसलेला माणूस बरा कसा होणार?

ऑपरेशन चांगलं झालं. सूज उतरल्यावर देवूने आरशात बघितलं. दोन्ही डोळे सारखे उघडे. कोणीतरी अचानक दचकवल्यासारखा चेहरा. हनुवटी वर उचलायची आता गरज नव्हती, पण मान आपोआप मागे जायची आणि तो स्वतःच ती खाली आणायचा. पाड्यावरून बहीण भेटायला आली, ती दारातच थबकली. "दादा हाय ना?" तिने सरूला विचारलं.

खेप करून आल्यावर दुपारी देवू झोपायचा तेव्हा डावा डोळा बराचसा उघडाच राहायचा. सरूला आधी वाटलं जागाच आहे. ती बोलत राहिली. उत्तर आलं नाही तेव्हा तिने वाकून बघितलं. बुबुळ वर गेलेलं, नुसतं पांढरं दिसत होतं. मग तिने सवय करून घेतली. तो झोपला की मलम घालायचं आणि दुसरीकडे बघायचं.

गाडीत मात्र शांतता पसरली. कप नाही, घंटी नाही. हितेशच्या कॉम्प्युटरवर देवूचं नाव हिरव्यांत गेलं. अनंताने पेढे वाटायला लावले. देवूने वाटले.

माघ संपत आला होता. पुण्याहून माल भरून देवू परत येत होता. आदल्या दिवशी गेटबाहेर रांगेत तिष्ठत बसल्यामुळे पाठ टेकायला मिळाली नव्हती. अंजूरफाट्याच्या अलीकडे रस्ता मोकळा मिळाला. दुपारचं उबदार ऊन, एसीचा संथ आवाज, बंद काचा. पुढे काय झालं ते देवूला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की चाकाखाली खडी कडकडली आणि त्याने डोळा उघडला. उजवा उघडला, डावा उघडाच होता. गाडी रस्ता सोडून कडेच्या मातीत उतरली होती. समोर बोरांची पाटी घेऊन एक म्हातारी बसली होती आणि पाटीवर दोन्ही हात आडवे धरून ती ओरडत होती. देवूने ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. पाटी आणि गाडी यांच्यात एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा उरली.

तो उतरला. धावत तिच्याकडे गेला. "आजी, लागलं का?"

जानकीबाई तिचं नाव. ती उठून त्याच्या तोंडासमोर आली. "मेल्या, डोळा टक्क उघडा ठेवून अंगावर येतोस? बघत होतास ना माझ्याकडं? मी बघितलं, तू बघत होतास!"

"झोप लागली होती आजी."

"झोपलेल्याचा डोळा उघडा असतो का?"

देवू तिच्यापुढे खाली बसला. डोक्यावर हात घेऊन त्याने तिला सगळं सांगितलं, कसं सुचलं तसं, उलटसुलट. पापणीचं, चिकटपट्टीचं, ऑपरेशनचं. जानकीबाईचा राग काही लगेच गेला नाही. पण तिने मडक्यातलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं. "मग झोप ना मेल्या," ती म्हणाली. "झोप आली तर झोपायचं. हे कोणी शिकवायला हवं का?"

देवू केबिनमध्ये चढला. पडदा हिरवागार होता. बाई गप्प होती. त्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं, काच पूर्ण खाली केली आणि मागच्या फळीवर आडवा झाला.

डोळा लागतोय तोच फोन वाजला. हितेश होता. "देवूदादा, गाडी का थांबली? काही बिघाड? इथे तर सगळं हिरवं दिसतंय."

"झोप आली."

"झोप? पण बाईने तर काही..."

"तिला न्हाय आली रे. मला आली. झोपतो मी."

"दादा, गेटची वेळ चुकेल. थांबायचं कारण काय लिहू मी? त्या यादीत ‘झोप’ असं काही नाहीच. बाईने सांगितलं तरच ते येतं."

"मग काय नको लिहू," देवू म्हणाला आणि फोन बंद केला.

गेटची वेळ चुकली. गाडी दुसऱ्या दिवशीपर्यंत बाहेर उभी राहिली. विनाकारण थांबा, असा शेरा देवूच्या नावापुढे लागला. पुढच्या महिन्यात तसेच आणखी लागले, कारण आता तो पेंग आली की थांबायचाच. रामनाथशेठनी बोलावून घेतलं तेव्हा त्याने म्हातारीची गोष्ट सांगितली. शेठनी झोपाळा थांबवला. त्यांनी हितेशला सांगून देवूला लांबच्या खेपांवरून काढलं आणि पूर्णा ते कल्याण अशा जवळच्या फेऱ्या दिल्या. गाडी तीच, पडदा तोच.

सरूने विचारलं, "आता बरं हाय का?"

देवू हातपाय धूत होता. "जवळच हाय," तो म्हणाला. "रोज घरी येतो." तोंड पुसून तो आत आला, बाजेवर बसला आणि मलमाच्या ट्यूबचं टोपण त्याने स्वतःच उघडलं.